पाचव्या गाण्यातला श्वास

हेडफोनच्या वायरीत माझा पाय अडकला, पिन निघाली, आणि सतीशमामाच्या ऑनलाइन सेंटरमध्ये भर दुपारी सॅक्सोफोन वाजू लागला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. शेलूबाजारच्या चौकात चिटपाखरू नव्हतं. जीपवाले जीपच्याच सावलीत झोपले होते. मामा जेवायला घरी गेला होता, कूलर घरघरत होता, आणि समोरच्या बाकावर एकच गिऱ्हाईक होतं. पांढरा शर्ट, सोनेरी झालरीचा लाल कोट काढून मांडीवर घडी करून ठेवलेला, पायाशी काळी लांबट पेटी. पोलीस भरतीचा फॉर्म भरायला आला होता. बँड्समनच्या जागेसाठी.

मी पिन शोधायला टेबलाखाली वाकले.

"नोका बंद करू," तो म्हणाला.

"अं?"

"राहू द्या ना जराक... कोन वाजवून राह्यलं हे?"

मी टेबलाखालूनच सांगितलं, "योनास लिंड. टेनर सॅक्सोफोन. स्वीडन." ते नाव मी दोनच मिनिटांपूर्वी टाईप केलं होतं, म्हणून तोंडात होतं.

मी वर आले तेव्हा तो उभा राहिला होता. पण माझ्याकडे पाहत नव्हता, स्पीकरकडे पाहत होता. मला थोडा रागच आला, हे आता सांगायला हरकत नाही. चोवीस वर्षांची मुलगी टेबलाखालून केस सावरत वर येते आणि समोरचा मुलगा स्पीकरकडे पाहत राहतो...

"तुमाले टेनर समजते, मॅडम?"

"नाई समजत. मले फक्त लिहा लागते."

हे खरं होतं. माझी नोकरीच तशी होती. पुण्यातल्या एका कंपनीकडे परदेशातल्या लहान लहान संगीत कंपन्या आपली रेकॉर्डिंग पाठवतात. कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं, कुठं ध्वनिमुद्रण झालं, कोणत्या साली झालं, हे सगळं एका तक्त्यात भरायचं. काम घरून. पण मेडशीला आमच्या घरी नेटवर्क फक्त गोठ्याच्या मागे यायचं, म्हणून सोमवार ते शनिवार मी मामाकडे राहून त्याच्या सेंटरच्या कोपऱ्यात बसायचे. कंपनीनं मला आजच्या काळातलं जॅझ दिलं होतं. जॅझ म्हणजे काय, हे मला पहिले तीन महिने कळलं नाही, आणि ते कळावं अशी कंपनीची अपेक्षाही नव्हती. दोन वर्षांत चारशेक वादकांची नावं बोटांना पाठ झाली होती. त्यातला एकही वाजताना मला ओळखू आला नसता.

त्यानं पेटी उघडली. आत सॅक्सोफोन होता, ठिकठिकाणी पितळ काळं पडलेला, पण कळा चकचकीत.

"हा आल्टो. टेनर याच्याहून मोठा रायते. आवाज असा... पोटातून येते." त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मग लाजून काढून घेतला. "मी आठ वर्षं वाजवून राह्यलो मॅडम. पन असं सॅक्सोफोन बोलते, हे आज समजलं."

गाणं संपलं. मी फॉर्म भरायला घेतला. नाव नवीन दौलतसिंग राठोड. वय पंचवीस. राहणार शेलूबाजारजवळचा बंजारा तांडा. मी सगळं टाईप करून पावती हातात दिली, तरी तो जाईना.

"अजून काई?"

"तसं दुसरं हाये काय एखादं?"

"दुसरं?" मी म्हणाले. "चारशे हायेत."

*

मे महिनाभर तो येत राहिला. लग्नसराई जोरात होती. सकाळचं लग्न आटपून, संध्याकाळच्या वरातीला जायच्या आधी तो तासभर सेंटरमध्ये यायचा. कधी पावती पुन्हा काढायची असायची, कधी आधार कार्डाची झेरॉक्स. त्याच्या आधार कार्डाच्या मी एकूण अकरा प्रती काढल्या. मामा म्हणाला, "या पोराले एवढे आधार कायले लागते बापा?"

मला ऐकायला त्यानं शिकवलं. मी नाव वाचायचे आणि तो दाखवायचा. "हा पाहा, हा ड्रमवाला. काठीनं नाई वाजवत, ब्रशनं घासून राह्यला. आन हा खाली जो चालून राह्यला ना, थो बास." मी दोन वर्षं 'बास' हा शब्द टाईप केला होता, पण तो गाण्याच्या खालून चालतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि मी त्याला माणसं दाखवायचे. रेकॉर्डिंगसोबत वादकांची दोन-चार ओळी माहिती यायची. पूर्वी मी ती नुसती चिकटवायचे. आता त्याच्यासाठी वाचू लागले. ओस्लोजवळचा एक ड्रम वाजवणारा दिवसा दवाखान्यात नर्सचं काम करतो. डर्बनचा बासवाला शाळेची बस चालवतो. लिस्बनची एक ट्रम्पेट वाजवणारी बाई आईची पावभट्टी सांभाळते आणि भट्टी तापेपर्यंत मागच्या खोलीत रियाज करते.

"म्हंजे आपल्यासारखेच," नवीन म्हणाला. "आमचा क्लॅरिनेटवाला पंक्चर काढते."

"मले वाटे हे लय मोठे लोक असतीन."

"मोठेच हायेत. पंक्चर काढलं म्हनून काय लहान होते काय मानूस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सहज बोलला होता, त्याचं लक्ष गाण्यातच होतं. त्याच्या भुवईवर बँडच्या टोपीचा लाल वळ उठला होता. तो वळ बोटानं पुसावासा वाटला... आणि मी पटकन माऊस धरला.

जॅझमध्ये नक्की काय करतात, हे त्यानंच मला सांगितलं, मेच्या शेवटी. "हे पाहा. गानं पयल्यांदा सरळ वाजवते. मंग हा मानूस घरातून निंगून जाते. वावरात जाते, नदीवर जाते, कुठीबी जाते. आपल्याले वाटते, गेला, हरपला. आन मंग बरोबर घरी येते."

"तुमाले येते काय तसं?"

"करून पाह्यलं ना परवा. अनसिंगच्या वरातीत."

"मंग?"

"गेलो घरातून बाहीर. मस्त चाललो होतो. तं नाचनारे थांबले. नवरदेवाचा काका घोड्याजवळून पयत आला. म्हने, बँड बिघडला काय?"

"मंग तुमी काय केलं?"

"काय करतो? आलो घरी."

मी इतकी हसले की मागच्या काउंटरवर पीकविम्याचे कागद घेऊन उभे असलेले दोन म्हातारे वळून पाहू लागले. नवीनही हसला. त्याचा एक दात थोडा पुढं होता, आणि हसताना तो आधी दिसायचा.

*

पावसाळा सुरू झाला आणि बँड बंद झाला. नवीन सकाळी रस्त्यावर धावायचा, भरतीसाठी. मग बापासोबत वावरात जायचा आणि बुधवारी, शनिवारी दुपारी सेंटरमध्ये यायचा. आता तो झेरॉक्स मागत नव्हता. बाकावर बसायचा, ओली टोपी गुडघ्यावर ठेवायचा, आणि मी माझ्या कामातलं जे असेल ते लावायचे. मामानंही विचारणं सोडलं होतं. एकदा फक्त म्हणाला, "आवाज बारीक ठेवत जा." त्यामुळे आम्हाला स्पीकरजवळ सरकून ऐकावं लागायचं. त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा आणि साबणाचा वास यायचा. मी मुद्दाम आवाज अजून थोडा बारीक करायचे.

जुलैत त्याच स्वीडिश कंपनीचं एक नवं रेकॉर्डिंग आलं. लाकूड कापण्याच्या बंद पडलेल्या गिरणीत वाजवलेलं. पियानोवर एलिन हॉलबर्ग नावाची बाई. नऊ गाणी, आणि नऊही गाण्यांत टेनर सॅक्सोफोनवर योनास लिंड, म्हणजे पहिल्या दिवशीचा तोच माणूस. तक्ता जवळजवळ भरून झाला होता. बाहेर पत्र्यावर पाऊस थाडथाड पडत होता. पाचवं गाणं सुरू झालं, अर्धं झालं, आणि नवीननं हात वर केला.

"थांबा... मांगं घ्या."

मी मागं घेतलं.

"हा थो नाई."

"कोन नाई?"

"योनास. हा मानूस दुसरा हाये."

"लिवेल हाये ना इथी. एक ते नऊ, योनास लिंड."

"लिवेल असन. पन ऐका." त्यानं चौथं गाणं लावायला सांगितलं. "हा पाहा, योनास. सूर लावाच्या आदी जीभ लावते. तू... तू... असं. प्रत्येक वेळी. आन आता पाचवं लावा." मी लावलं. "हा जीभ लावतच नाई. नुसती हवा सोडते, आन हवेतून सूर निंगते. श्वास बी लवकर घेते, दोन ओळींच्या मधात. ऐकू आला? आत्ता... हा!"

मी डोळे मिटून कान लावला. पत्र्यावरच्या पावसाखाली, पियानोच्या दोन सुरांच्या मध्ये कोणीतरी हळूच श्वास घेतला. इतका जवळून, की मी दचकले. डोळे उघडले तर नवीनचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. तोही ऐकतच होता. मग त्याच्याही ते लक्षात आलं. आम्ही दोघं एकदमच मागं सरकलो आणि माझी खुर्ची भिंतीवर आपटली.

"हे... हे लिहा लागन मंग," मी म्हणाले.

"लिवा ना."

माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या रूपा मॅडम पुण्याला बसतात. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वैजयंती, आपल्याला आलेली माहिती टाईप करायचे पैसे मिळतात. त्या लोकांनी योनास लिंड लिहिलंय ना? मग योनास लिंड. तू कशावरून म्हणतेस दुसरा आहे?"

कशावरून? शेलूच्या तांड्यावरचा एक बँडवाला म्हणतो, यावरून. हे मी बोलले नाही. "ऐकून वाटलं," म्हणाले.

"ऐकू नकोस इतकं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवस मी तो तक्ता तसाच ठेवला. पाठवायला जायचे आणि हात थांबायचा. एवढ्या दिवसांत नर्स असलेला ड्रमवाला आणि बस चालवणारा बासवाला मला माणसं वाटू लागली होती. त्यांच्यातलंच कोणीतरी एक गाणं वाजवून घरी गेलं होतं, आणि त्याच्या गाण्याखाली मी दुसऱ्याचं नाव टाकणार होते. तिसऱ्या दिवशी मी एलिन हॉलबर्गच्या वेबसाइटवरून तिचा पत्ता काढला आणि सरळ तिलाच मेल लिहिला. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं. मला माहीत होतं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं आणि बुधवारची वाट पाहिली नाही. नवीनला फोन केला. तो वावरातून गुडघाभर चिखलाचे पाय घेऊन आला.

एलिननं लिहिलं होतं: तुमचं बरोबर आहे. त्या दिवशी योनासला सणकून ताप होता. गिरणीच्या गावात बिर्गिट नावाची एक बाई टपाल वाटते, वय बावन्न, गावाच्या बँडमध्ये तीस वर्षांपासून टेनर वाजवते. आम्ही तिला बोलावलं. ती कामावरून परस्पर आली, एक गाणं वाजवलं आणि उरलेलं टपाल वाटायला गेली. नावांची यादी करताना तिचं नाव राहिलं. छापून झाल्यावर लक्षात आलं. तिनं कधी विचारलं नाही, आणि आम्हाला लाज वाटली म्हणून आम्हीही विषय काढला नाही. आता सगळीकडे दुरुस्त करतो आहोत. पण हे कोणी ओळखलं? आमच्या समीक्षकांनाही कळलं नव्हतं.

नवीन पडद्याकडे वाकला.

"बाई हाये?" तो म्हणाला.

"हो."

"टपालवाली."

"हो."

"तिनं काहून नाई विचारलं, माहं नाव कुठी हाये म्हनून?"

"तुमी विचारता काय? मांगं तुमीच सांगत होते, अकोल्याच्या स्टुडिओत दोन गान्यांत वाजवलं म्हनून. त्याच्यावर नाव हाये तुमचं?"

तो हसला नाही. पायावरचा चिखल पाहत राहिला. "नाई," म्हणाला. "मी बी नाई विचारलं. वाटलं, बँडवाल्याचं कोन नाव टाकते..." मग म्हणाला, "लावा थे एकदा."

मी पाचवं गाणं लावलं. या वेळी आवाज बारीक केला नाही.

उत्तरात मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं. नवीन दौलतसिंग राठोड, सॅक्सोफोन वादक, शेलूबाजार, जिल्हा वाशिम.

*

ऑगस्टमध्ये रूपा मॅडमचा फोन आला. स्वीडिश कंपनीनं आभार मानले होते, म्हणूनच त्यांना सगळं कळलं होतं. "चूक नव्हती तुझी, पण पद्धत चुकली," त्या म्हणाल्या. "परस्पर मेल करायचा नाही, हे तुला लेखी दिलं होतं." नोकरी राहिली. पण मला जॅझवरून काढून बालगीतांवर टाकलं.

नवीनला मी हे सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"माह्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं काहून? मेल मी लिवला."

"मी बोललो नसतो तं तुमी लिवला असता काय?"

"नसता. पन मंग ते चुकीचंच राह्यलं असतं."

तो गेला. आणि पुढच्या बुधवारी आला नाही. शनिवारीही आला नाही. मी पाच देशांच्या बदकांची आणि आगगाड्यांची गाणी तक्त्यात भरत होते आणि दर आवाजाला दाराकडे पाहत होते. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. आता इथं ऐकण्यासारखं काय होतं? फॉर्म भरून झाला होता, जॅझ संपलं होतं. दोघांना बसायला जे कारण होतं, ते माझ्या हातानंच गेलं होतं.

त्याच्या पुढच्या बुधवारी दुपारी तो दारात उभा दिसला. डोक्यावर खताची रिकामी थैली पावसापासून घेतलेली, हातात काहीच नाही.

"या," मी म्हणाले. "झेरॉक्स?"

"नाई."

"पावती?"

"नाई."

"इथी आता बदकाचं गानं हाये. ऐकाचं काय?"

"लावा."

"खरंच?"

"लावा ना... काईबी लावा." त्यानं थैली दाराबाहेर झटकली, आत आला, पण बाकावर बसला नाही. "पंधरा दिवस म्या लय डोकं खाजवलं. म्हटलं, आता काय काम सांगू तिथी जाऊन? काईच सुचलं नाई. मंग म्हटलं, काम नाई तं नाई. खरं हाये ते सांगू."

"काय खरं हाये?"

"मी पयल्या दिवशी गानं ऐकाले आलतो. दुसऱ्या दिवशी... अर्धा गानं ऐकाले, अर्धा तुमाले पाहाले. मे महिन्यानंतर गान्याचं फक्त नावच होतं."

बदकाचं गाणं चालू होतं. मी ते बंद करायला हवं होतं, पण केलं नाही.

"तुमी तं स्पीकरकडेच पाहत राहता," मी म्हणाले.

"तुमच्याकडं पाह्यलं तं ऐकू येत नाई मले काई."

मी हसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हसले. "एवढं बोलता येते तं एप्रिलपासून माह्या हातानं अकरा आधार कार्डं कायले काढून घेतले?"

"मंग?" तो म्हणाला. "तुमचं काय हाये ते नाई सांगतलं तुमी."

"तुमी म्हनू नोको," मी म्हणाले. "तू म्हन."

*

ऑक्टोबरात भरतीचा निकाल लागला. वाजवण्याच्या परीक्षेत साहेबांनी त्याला त्यानं कधीच न ऐकलेली धून एकदा ऐकवली आणि वाजवायला सांगितली. त्यानं वाजवली. दहा नोव्हेंबरपासून नऊ महिन्यांचं ट्रेनिंग.

त्याच आठवड्यात मेडशीहून आईचा फोन आला. रिसोडकडचं एक स्थळ रविवारी पाहायला येणार होतं. मी शनिवारी सकाळीच एस.टी.नं घरी गेले.

बाबा अंगणात सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. माझे बाबा उकंडराव फार बोलत नाहीत, आणि काम करताना तर मुळीच नाही. मी त्यांच्यासमोर दुसऱ्या पोत्यावर बसले. आई, प्रयागबाई, चहा घेऊन आली आणि माझा चेहरा पाहून तिथंच थांबली.

"बाबा, उद्याच्या लोकांले येऊ नोका म्हना."

"काहून?"

"मले दुसऱ्यासंग लग्न करायचं हाये."

दाभण थांबलं. "कोन?"

"नवीन राठोड. शेलूजवळच्या तांड्यावरचा. पोलिसात लागला, बँडमधे."

"तांड्यावरचा," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी ते पोतं पूर्ण शिवलं. सुतळी दातानं तोडली. "आपल्यात पोरं नाईत काय?"

"हायेत. पन मले त्यांच्यासंग बोलावं असं नाई वाटत. याच्यासंग वाटते. सहा महिने झाले, रोज वाटते."

आई म्हणाली, "लोक काय म्हनतीन पोरी..." आणि चहाचा कप माझ्यासमोर ठेवला.

मग मी बाबांना सगळं सांगितलं. वायरीत पाय अडकल्यापासून. बाबांना सॅक्सोफोन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, मी हातानं आकार करून दाखवला. गिरणी, पाचवं गाणं, टपालवाली बाई, मेल, बालगीतं. बाबा दाभण हातात धरून ऐकत होते.

"मंग त्या बाईचं नाव लागलं काय?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"आन तुहं काम बदललं."

"हो."

"त्यानं सांगतलं होतं काय तुले, मेल लिव म्हनून?"

"नाई. त्याले माहीतबी नव्हतं. म्या माह्या मनानं लिवला."

बाबांनी पुढचं पोतं ओढलं. "रिसोडवाल्यांले मी फोन करतो," म्हणाले. "आन त्या पोराले म्हन, एकटं येऊ नोको. बापाले घेऊन ये. पोरासंग मी बोलनार नाई."

संध्याकाळी नवीनला फोन केला तेव्हा तो आनंदानं ओरडेल असं वाटलं होतं. 

"माहा बापबी नाईच म्हनून राह्यला," म्हणाला. "म्हने, गावातली पोरगी तांड्यात टिकन काय? आपल्यात पोरी नाईत काय?"

"हेच माहे बाबा म्हनले! असंच!"

"खरं?"

"टिकन का नाई टिकन हे मले येऊन विचारा म्हन त्यांले."

"तू सांग," तो म्हणाला. "माह्यानं त्यांच्यासंग बोलनं होत नाई." मग त्यानं फोन सरळ बापाच्या हातात दिला. मी दौलतसिंगकाकांना म्हणाले, "राम राम काका. मी वैजयंती. मेडशीले चहाले या. पाह्यल्याबिगर नाई म्हनू नोका, येवढंच."  मग ते म्हणाले, "चहात साखर कमी लागते मले."

*

ते दिवाळीनंतरच्या सोमवारी आले. पांढरं धोतर, लाल फेटा, हातात काठी. मागं नवीन, नवा निळा शर्ट इस्त्री करून. बाबांनी बाज टाकली होती. दोघं बापमाणसं बसली. नवीन ओसरीच्या कडेला, मी आणि आई दाराआड.

पाण्याचे तांबे फिरले. मग बाबा म्हणाले, "तूर कशी हाये तुमच्याकडं?"

"बरी हाये. पन मर आली जागोजागी."

"आमच्याकडंबी. उभं झाड वायून जाते."

मग तासभर तुरीवरचा मर रोग झाला, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक झाला, नीलगाईंनी रात्रीतून कोणाचं किती खाल्लं ते झालं. पोहे झाले, चहा दोनदा झाला. माझ्या लग्नाचा शब्द नाही. आई माझा हात धरून उभी होती. ओसरीवर नवीन खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, असंच बोलून उठतील, राम राम म्हणतील, आणि झालं.

दौलतसिंगकाका काठी टेकत उठले. बाबाही उठले.

"पोराची ट्रेनिंग कधी संपते?" बाबांनी विचारलं.

"ऑगस्टात."

बाबांनी अंगणातल्या पोत्यांकडे पाहिलं. "ऑगस्टात कामं रायतेत. पुढलं सोयाबीन निंगू द्या. मंग तारीख पाहू."

दौलतसिंगकाकांनी थोडा विचार केला. "आमचंबी तवाच निंगते," म्हणाले.

आईनं माझा हात सोडला आणि पदरानं तोंड पुसलं.

दोघं बोलत बोलत फाटकाकडे गेले. मी ओसरीवर आले. नवीन अजून तिथंच बसला होता, पण आता माझ्याकडे पाहत.

"म्हंजे... हो म्हनले काय?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"तुले काय ऐकू आलं?"

"मले सोयाबीन ऐकू आलं."

"तेच."

तो उठून उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना. हात माझ्याकडे आला, अर्ध्यात थांबला. मीच पुढं होऊन त्याची दोन बोटं धरली, क्षणभर, घट्ट.

"ए पोरा," फाटकातून बाबांची हाक आली. बाजारात माल न्यायला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. "रिकामा हायेस तं दोन पोते टाकू लाग."

नवीननं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. मग अंगणात जाऊन बाबांच्या समोर उभा राहिला, त्यांनी पोत्याची एक बाजू धरली, त्यानं दुसरी, आणि दोघांनी ते एकदम उचललं.